निसर्गरम्य मॅरेथॉन आणि सुट्टीचे दोन दिवस : स्थळ निवडताना कोणता विचार करावा

शनिवारी एखाद्या डोंगराळ गावी अथवा समुद्रकिनारी मुक्काम करायचा, रविवारी पहाटे तेथील रस्त्यावरून मॅरेथॉन धावायची आणि सोमवारी पुन्हा कामावर रुजू व्हायचे, असा बेत आखणाऱ्या धावपटूंची संख्या देशात गेल्या दोन दशकांत वाढली आहे. सहलीचा आनंद आणि व्यायामाचे समाधान एकाच प्रवासात मिळावे, हा त्यामागील हेतू आहे. मात्र ज्या कारणामुळे एखादे स्थळ नयनरम्य ठरते, बहुधा त्याच कारणामुळे तेथे धावणे कठीण होते. उंच पर्वतावर हवा विरळ असते, घाटात चढ असतो, किनाऱ्यावर दमट उष्मा असतो. त्यामुळे ‘कोणते स्थळ सुंदर आहे’ या प्रश्नाआधी ‘हे स्थळ शरीराकडून किती दिवसांची मागणी करते’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ठिकाणी दोन दिवस असे नसते.

मॅरेथॉनला पर्यटनाची जोड

आधुनिक मॅरेथॉनचा प्रारंभ १८९६ मध्ये अथेन्स येथे झालेल्या पहिल्या ऑलिंपिक स्पर्धेत झाला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ४२.१९५ किलोमीटर अंतराची ठेवण्यात आली आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हेच अंतर प्रमाण म्हणून स्वीकारले. अर्धमॅरेथॉनचे अंतर याच्या निम्मे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर असते.

दीर्घकाळ ही शर्यत निवडक खेळाडूंची मानली जात असे. सर्वसामान्य नागरिकांनी प्रवास करून दुसऱ्या गावी धावायला जाण्याची प्रथा १९७० नंतरच्या काळात रुजली. हवाई बेटांवरील होनोलुलू मॅरेथॉन हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७३ मध्ये सुरू झालेल्या आणि दर डिसेंबरमध्ये होणाऱ्या या शर्यतीत जपानमधून मोठ्या संख्येने पर्यटक-धावपटू सहभागी होत आले आहेत. तेथे शर्यत पूर्ण करण्यासाठी कालमर्यादा ठेवण्यात आलेली नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला घाई करण्याचे कारण नसावे, हा विचार त्यातून दिसतो.

भारतात २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉनला प्रारंभ झाला आणि हौशी धावपटूंचा एक मोठा वर्ग उदयास आला. शहरातील रस्त्यांवर सराव केलेल्या या वर्गाला पुढे निसर्गाच्या सान्निध्यातील शर्यतींचे आकर्षण वाटू लागले. कर्नाटकात श्रीरंगपट्टणजवळ कालव्याच्या काठाने धावली जाणारी कावेरी ट्रेल मॅरेथॉन, पुदुच्चेरीनजीक जंगलवाटांतून होणारी ऑरोविल मॅरेथॉन, लेहमधील लडाख मॅरेथॉन, सातारा येथील हिल हाफ मॅरेथॉन आणि गोव्यात झुआरी नदीच्या परिसरात होणारी गोवा रिव्हर मॅरेथॉन ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. ऑरोविलमध्ये तर क्रमांक आणि पारितोषिके यांना स्थान नाही. धावण्याचा आनंद हेच तेथील उद्दिष्ट मानले जाते.

रम्य मार्ग आणि घड्याळ

निसर्गरम्य शर्यतीत स्वतःची सर्वोत्तम वेळ नोंदवण्याची अपेक्षा ठेवणे योग्य नाही. वेगवान वेळेसाठी सपाट, थंड आणि कमी वळणांचा मार्ग लागतो. बर्लिन येथील मार्ग विश्वविक्रमांसाठी प्रसिद्ध आहे, तो याच गुणांमुळे.

मार्गाचा प्रभाव किती मोठा असतो, हे विक्रमविषयक नियमांवरूनही लक्षात येते. रस्त्यावरील शर्यतीतील विश्वविक्रम मान्य होण्यासाठी प्रारंभ आणि समाप्ती या दोन स्थळांमधील सरळ अंतर शर्यतीच्या एकूण अंतराच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये, तसेच प्रारंभापेक्षा समाप्तीचे स्थळ दर किलोमीटरमागे सरासरी एक मीटरहून अधिक सखल असता कामा नये, असा नियम आहे. २०११ मध्ये केनियाचा जेफ्री मुताई याने बॉस्टन येथे २ तास ३ मिनिटे २ सेकंद अशी वेळ नोंदवली होती. तत्कालीन विश्वविक्रमापेक्षा ही वेळ कमी होती. परंतु बॉस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नसल्याने तिला विश्वविक्रमाचा दर्जा मिळाला नाही.

हौशी धावपटूला विक्रमाशी कर्तव्य नसते. पण यातून घ्यायचा बोध त्याच्याही उपयोगाचा आहे. दोन मार्गांवरील वेळांची थेट तुलना होऊ शकत नाही. सपाट रस्त्यावर ज्याला अर्धमॅरेथॉनसाठी सव्वादोन तास लागतात, त्याने घाटातही त्याच वेळेचा हट्ट धरला, तर पहिल्या चढातच त्याची शक्ती संपून जाईल. डोंगरात किलोमीटरमागील मिनिटे मोजण्यापेक्षा श्वासाकडे लक्ष देणे अधिक श्रेयस्कर असते. धावताना एखादे छोटे वाक्य सलग बोलता येत असेल तर गती योग्य आहे, असे समजावे. बोलता येत नसेल तर चालण्यास संकोच करू नये.

सातारा : दोन दिवसांत सामावणारी शर्यत

दोन दिवसांच्या सुट्टीत खऱ्या अर्थाने सामावणाऱ्या शर्यतीचे चांगले उदाहरण म्हणून सातारा हिल हाफ मॅरेथॉनकडे पाहता येईल. २०१२ मध्ये सुरू झालेली ही शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात होते. सातारा शहरातून निघालेले धावपटू यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढत जातात आणि त्याच रस्त्याने परत येतात. २०१५ मध्ये डोंगरी शर्यतीतील सहभागी धावपटूंच्या संख्येसाठी तिची गिनेस विश्वविक्रमांत नोंद करण्यात आली. पुण्याहून साताऱ्याचे अंतर सुमारे ११० किलोमीटर, तर मुंबईहून सुमारे २५० किलोमीटर आहे. शनिवारी पोहोचून रविवारी धावणे आणि सायंकाळपर्यंत घरी परतणे शक्य होते.

येथे समुद्रसपाटीपासूनची उंची श्वसनाला बाधक ठरण्याइतकी नाही. त्यामुळे वातावरणाशी जुळवून घेण्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवावे लागत नाहीत. येथील खरी परीक्षा चढ आणि उतार यांची आहे. त्यातही नवख्या धावपटूला चढाची भीती वाटते, पण त्रास अधिक होतो तो उताराचा. उतार उतरताना मांडीचे पुढील स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. अशा कामामुळे स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्या वेदना एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक जाणवतात. रविवारी आनंदाने धावलेला माणूस मंगळवारी जिना उतरताना कठड्याचा आधार घेतो, त्याचे कारण हेच होय.

यावर उपाय सरावातच दडलेला आहे. शर्यतीपूर्वी किमान सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एकदा तरी चढ-उताराचा सराव करावा. सपाट प्रदेशातील शहरांत राहणाऱ्यांना उड्डाणपुलालगतचा सुरक्षित पदपथ, टेकडी किंवा इमारतीचा जिना यांचा उपयोग करता येतो. केवळ चढण्याचा नव्हे, तर सावकाश उतरण्याचाही सराव हवा. उतारावर लांब टांगा टाकण्याऐवजी लहान पावले टाकल्यास गुडघ्यांवरील आघात कमी होतो.

पावसाळी हवेची वेगळी तयारी लागते. ओल्या कपड्यांच्या घर्षणाने त्वचा सोलवटते. त्यासाठी काखेत, मांड्यांच्या आतील बाजूस आणि पावलांना व्हॅसलीन लावण्याची पद्धत आहे. धावत असताना उष्णता जाणवली, तरी थांबल्यावर काही मिनिटांतच अंगात हुडहुडी भरू शकते. समाप्तीच्या ठिकाणी कोरडे कपडे आणि टॉवेल मिळेल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

लेह : येथे दोन दिवस पुरत नाहीत

याउलट स्थिती लेहची आहे. ऑगस्ट २०१० मधील ढगफुटीने लेहमध्ये मोठी जीवितहानी आणि वित्तहानी झाली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, लडाख मॅरेथॉन सुरू झाली आणि सप्टेंबर महिन्यात देश-विदेशांतील धावपटू तेथे येऊ लागले. निळे आकाश, उघडे डोंगर आणि सिंधू नदीचे खोरे यांमुळे तिची छायाचित्रे पाहणाऱ्याला तेथे जाण्याचा मोह होतो. दिल्लीहून लेहला विमानाने दीड तासाच्या आत पोहोचता येते. त्यामुळे शनिवारी जाऊन रविवारी धावण्याचा बेत कागदावर शक्य दिसतो. प्रत्यक्षात तो जिवावर बेतू शकतो.

लेहची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर आहे. या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटतो. शरीर यावर हळूहळू मात करते. आधी श्वसनाचा वेग वाढतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा समतोल पुन्हा साधतात आणि त्यानंतर रक्तातील तांबड्या पेशींची संख्या वाढू लागते. यांपैकी पहिल्या बदलाला काही तास, दुसऱ्याला काही दिवस आणि तिसऱ्याला काही आठवडे लागतात. उत्तम सराव केलेला तरुणही या क्रमाला अपवाद नसतो. किंबहुना तंदुरुस्त व्यक्ती पहिल्याच दिवशी अधिक श्रम करते आणि म्हणून अडचणीत सापडते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे ही उंचीवरील विकाराची प्रारंभीची लक्षणे होत. विश्रांती घेतानाही धाप लागणे, सतत खोकला येणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, ही फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी विनाविलंब कमी उंचीवर नेणे हा मुख्य उपाय असतो. प्राणवायू आणि औषधे यांचा उपयोग होतो. परंतु उतरण्याला ती पर्याय ठरत नाहीत. उंचीवरील त्रास टाळण्यासाठी घेतली जाणारी औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत.

या कारणास्तव लडाख मॅरेथॉनचे आयोजक बाहेरून येणाऱ्या स्पर्धकांनी शर्यतीच्या कितीतरी दिवस आधी लेहमध्ये दाखल व्हावे, याबाबत आग्रही असतात. खारदुंग गावातून निघून ५,३०० मीटरहून अधिक उंचीवरील खारदुंग ला ही खिंड ओलांडत लेहला पोहोचणाऱ्या ७२ किलोमीटरच्या ‘खारदुंग ला चॅलेंज’साठी तर ही गरज आणखी मोठी आहे. म्हणजेच लेहची शर्यत ही शनिवार-रविवारची सहल नव्हे. त्यासाठी किमान आठवड्याची रजा मंजूर असावी लागते. तेवढी रजा नसेल, तर यंदा लेह नको, असे ठरवणे शहाणपणाचे ठरते.

किनाऱ्यावरील दमट हवा

समुद्रकिनाऱ्यावरील मार्ग सपाट असले म्हणजे सोपे असतात, हा समज पूर्णतः खरा नाही. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. हवेत आधीच बाष्प अधिक असले, तर घाम निथळतो, पण उडून जात नाही आणि शरीराचे तापमान वाढत जाते. म्हणूनच कोकण, गोवा, केरळ आणि तामिळनाडू येथील शर्यती थंडीच्या महिन्यांत आणि पहाटे ठेवल्या जातात. दिल्ली अथवा चंडीगडच्या कोरड्या थंडीत सराव केलेल्या धावपटूने किनाऱ्यावर आपली नेहमीची गती प्रारंभापासूनच कमी ठेवावी. चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा अचानक थंडी वाजणे ही लक्षणे उष्माघाताची पूर्वसूचना असू शकतात. तेव्हा थांबून वैद्यकीय पथकाची मदत घ्यावी.

पाणी किती प्यावे

धावताना जितके पाणी प्यावे तितके चांगले, असे पूर्वी सांगितले जात असे. हा सल्ला आता मागे पडला आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करून केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण सामान्यापेक्षा कमी आढळले. शर्यतीच्या काळात वजन वाढणे, म्हणजेच गरजेपेक्षा अधिक द्रव पिणे, हे त्याचे प्रमुख कारण होते. सहलीच्या मनःस्थितीत सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण ते प्रत्येक पाणपोईवर थांबतात आणि चार-पाच तास मार्गावर असतात. तहान लागेल त्याप्रमाणे पिणे, हाच सर्वसाधारण नियम ठेवावा.

दोन दिवसांचे नियोजन

सहल आणि शर्यत यांचा क्रम हा नियोजनातील महत्त्वाचा भाग होय. आधी शर्यत आणि नंतर भटकंती, हा क्रम पाळावा. शनिवारी दिवसभर किल्ले, बाजार आणि धबधबे पाहून रात्री थकून खोलीवर परतणारा धावपटू रविवारची शक्ती आदल्या दिवशीच खर्च करून बसतो.

शुक्रवारी रात्रीची झोप पूर्ण व्हावी, याची काळजी घ्यावी. शर्यतीच्या आदल्या रात्री उत्सुकतेमुळे अनेकांना झोप लागत नाही. आधीची झोप झालेली असेल, तर त्याचा फारसा परिणाम होत नाही. रात्रभर बसचा प्रवास करून थेट प्रारंभरेषेवर उभे राहणे मात्र टाळावे. शनिवारी दुपारपर्यंत पोहोचून स्पर्धकाचा क्रमांक ताब्यात घ्यावा, मार्गाचा पहिला आणि शेवटचा टप्पा पाहून घ्यावा आणि रात्री लवकर, साधे, परिचयाचे जेवण घ्यावे. वरण-भात, पोळी, खिचडी, इडली यांसारखे पदार्थ पुरेसे ठरतात. तेथील झणझणीत रश्श्याचा किंवा माशांच्या ताटाचा आस्वाद रविवारी दुपारी घेता येतो. बूट, मोजे, कपडे यांपैकी काहीही त्या दिवशी प्रथमच वापरू नये.

पूर्ण मॅरेथॉनमध्ये साधारण ३० किलोमीटरनंतर स्नायूंतील शर्करेचा साठा संपत येतो आणि पाय जड होतात. त्यानंतर सहलीसाठी उत्साह उरेलच, असे नाही. कुटुंबासमवेत आलेल्यांनी आणि प्रथमच जाणाऱ्यांनी म्हणूनच अर्धमॅरेथॉन किंवा १० किलोमीटरचा पर्याय विचारात घ्यावा. त्यात तयारीचा काळ कमी लागतो आणि उरलेला दिवसही हाती राहतो.

परतीच्या प्रवासाचाही विचार आधीच करावा लागतो. अनेक तास धावल्यानंतर लगेच स्वतः मोटार चालवत घाट उतरणे धोकादायक आहे, कारण थकव्याने डुलकी येते आणि पायांत गोळे येतात. सोबत न धावलेला चालक असावा, किंवा सार्वजनिक वाहनाने परतावे. दीर्घ प्रवासात दर तासा-दीड तासाने उतरून थोडे चालावे.

न धावण्याचा निर्णय

प्रवासी शर्यतीत एक अदृश्य दबाव असतो. नोंदणी शुल्क भरलेले असते, तिकिटे काढलेली असतात, खोलीचे पैसे परत मिळणार नसतात आणि सोबत आलेले कुटुंब समाप्तीरेषेवर वाट पाहत असते. घराजवळच्या शर्यतीत ताप असलेला माणूस अंथरुणावरून उठणार नाही. दूरवर गेलेला माणूस मात्र गोळी घेऊन धावायला उभा राहतो. विषाणुजन्य तापात हृदयाच्या स्नायूंना सूज आलेली असू शकते आणि अशा वेळी केलेले तीव्र श्रम प्राणघातक ठरू शकतात. त्यामुळे ताप असताना, तसेच छातीत दुखणे, भोवळ किंवा छातीत असामान्य धडधड जाणवत असताना धावू नये. कुटुंबात अल्पवयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असलेल्यांनी आणि चाळिशी ओलांडल्यानंतर प्रथमच धावणाऱ्यांनी नोंदणीपूर्वीच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. भरलेले पैसे वाया जाणे ही या बाबतीत सर्वात लहान हानी होय. शर्यत सोडली, तरी सहल उरतेच.

यजमान गावाचा विचार

निसर्गरम्य स्थळे बहुधा नाजूकही असतात. साताऱ्याजवळील कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटातील अन्य स्थळांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. तेथील फुलांचा बहर आणि शर्यतीचा हंगाम जवळजवळ येतात. खडकावरील मातीच्या पातळ थरात ही फुले उमलतात. पायवाट सोडून टाकलेले पाऊलही त्यांना हानी पोहोचवते. शर्यतीनंतर पठार पाहू इच्छिणाऱ्यांनी तेथील प्रवेशाचे नियम पाळावेत. लेहच्या शीत वाळवंटात वर्षाला सरासरी सुमारे १०० मिलिमीटर इतकाच पाऊस पडतो आणि पाण्यासाठी बर्फाच्या वितळण्यावर व भूजलावर अवलंबून राहावे लागते. तेथे स्नानगृहात उघडा सोडलेला नळ हा गावाच्या साठ्यावरील भार असतो.

दुसरीकडे, या शर्यतींमुळे निवासगृहे, भोजनालये आणि वाहनचालक यांना उत्पन्न मिळते, हेही खरे आहे. स्थानिक रहिवासी त्या पहाटे आपला रस्ता पाहुण्यांसाठी मोकळा करून देतात. पाण्याचे पेले ठरवून दिलेल्या पेटीत टाकणे, गोळ्यांची वेष्टने खिशात ठेवणे आणि खरेदी गावातील दुकानांतून करणे, एवढी अपेक्षा त्यांनी पाहुण्यांकडून ठेवली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

थोडक्यात, निसर्गरम्य मॅरेथॉनची निवड छायाचित्रावरून न करता उपलब्ध दिवसांवरून करावी. दोन दिवस हाती असतील, तर रात्रीच्या प्रवासाशिवाय गाठता येईल असे, कमी उंचीवरील स्थळ आणि अर्धे अंतर पुरेसे आहे. आठवडा असेल, तर लेहचा विचार करावा. चढ, उंची आणि दमटपणा यांपैकी आपल्याला कशाचा सराव आहे, हे नोंदणीच्या अर्जापूर्वीच तपासून पाहिले, तर सुट्टीही सार्थकी लागेल आणि शर्यतही.